गुण कापले जातात ते बेरीज चुकलेल्यांचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: फुटबॉलमध्ये ‘फायनान्शियल फेअर प्ले’ नावाचा नियम आहे. कमाईपेक्षा फार जास्त खर्च करायचा नाही. तरीही मॅन्चेस्टर सिटी, पॅरिसचा पीएसजी, चेल्सी हे क्लब पैसा उधळतात आणि सुटतात, आणि गुण कापले जातात ते एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे. हे चोर सोडून संन्याशाला फाशी नाही का? मुळात या नियमाची अंमलबजावणी होते तरी कशी?

मी सीए आहे. आर्टिकलशिप पुण्यात केली, पण कामाची बहुतेक वर्षं इंग्लंडमध्ये फुटबॉल क्लबांचे हिशोब तपासण्यात गेली. स्टेडियममध्ये जेवढे सामने पाहिले त्यापेक्षा जास्त ताळेबंद पाहिले. तेव्हा हे उत्तर चाहत्याचं नाही, हिशोबनिसाचं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिलं म्हणजे एव्हर्टन संन्यासी नव्हता. फॉरेस्टही नव्हता. दोघांनी मर्यादा ओलांडली होती आणि ओलांडल्याचं कबूलही केलं होतं. एव्हर्टनचं भांडण होतं ते ‘किती ओलांडली’ एवढ्यापुरतं. म्हणजे या दोन्ही प्रकरणांत वाद बेरजेचा होता. सिटी आणि पीएसजीच्या प्रकरणांत वाद किमतीचा आहे: प्रायोजकानं दिलेली रक्कम ही त्या जाहिरातीची खरी किंमत आहे, की मालकानंच दुसऱ्या दारानं आत आणलेला पैसा आहे? बेरीज चार दिवसांत तपासता येते. किंमत खोटी ठरवायला वर्षं लागतात, आणि समोरच्याकडे वकिलांना द्यायला रग्गड पैसा असेल तर ती वर्षं आणखी लांबतात. तुम्हाला जो अन्याय दिसतो तो बराचसा इथून येतो.

आता हिशोब कसा होतो ते बघू. इंग्लिश प्रीमियर लीगचा २०१३ पासून २०२५-२६ च्या मोसमापर्यंतचा नियम, ज्याला तिकडे पीएसआर म्हणतात, तो सांगतो की सलग तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा नको, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटी. या तिन्हींतलं एखादं वर्ष दुसऱ्या श्रेणीत गेलं असेल तर त्या वर्षाला १.३ कोटीच धरायचे. स्टेडियम, युवा अकादमी, महिला संघ, समाजकार्य यांवरचा खर्च वजा करायची सवलत आहे. युरोपच्या पातळीवर युएफाचा, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाचा, नियम वेगळा, पण जातकुळी तीच.

कागदावर सोपं आहे. अवघड होतं ते खेळाडूच्या किमतीमुळे, कारण ती एकदम खर्चात पडत नाही. शेतकऱ्यानं ट्रॅक्टर घेतला तर त्याचा घसारा जसा दरवर्षी थोडा थोडा निघतो, तशी खेळाडूची किंमत त्याच्या कराराच्या वर्षांवर वाटली जाते. चेल्सीनं जानेवारी २०२३ च्या शेवटच्या दिवशी एन्झो फर्नांडिसला सुमारे १०.६८ कोटी पौंडांना घेतलं आणि साडेआठ वर्षांचा करार केला. भागाकार करा: वर्षाला साधारण १ कोटी २६ लाख. हाच करार पाच वर्षांचा असता तर वर्षाला २ कोटी १४ लाख पडले असते. खेळाडू तोच, किंमत तीच, फक्त कागदावरची वर्षं वाढवली आणि दरवर्षीचा बोजा चाळीस टक्क्यांनी हलका झाला. यात बेकायदा काही नव्हतं. कोणी तरी नियम नीट वाचला होता, एवढंच. युएफानं त्याच उन्हाळ्यापासून वाटणीची मर्यादा पाच वर्षांवर आणली आणि डिसेंबरमध्ये प्रीमियर लीगनंही तेच केलं. जुन्या करारांना अर्थातच हात लावला नाही.

दुसरी बाजू विक्रीची. खेळाडू विकला की विक्रीची किंमत वजा पुस्तकात उरलेली किंमत, तो नफा, आणि तो मात्र सगळाच्या सगळा त्याच वर्षी दिसतो. अकादमीत लहानाचा मोठा झालेल्या पोराची पुस्तकी किंमत शून्य असते. त्यामुळे तो विकला की आलेला प्रत्येक पौंड नफाच. चेल्सीनं मेसन माउंटला २०२३ मध्ये मॅन्चेस्टर युनायटेडला विकलं, वर्षभरानं कॉनर गॅलाघरला ॲटलेटिको माद्रिदला, त्यामागे हेच गणित होतं. क्लबांनी आपली पोरं घडवावीत असं सांगणाऱ्या नियमामुळेच घरचं पोर सर्वांत आधी बाजारात उभं राहतं. नियम करणाऱ्यांना हे अभिप्रेत नव्हतं, पण खतावणीला भावना कळत नाहीत.

आणि हे सगळं येऊन थांबतं ३० जूनला. बहुतेक क्लबांचं आर्थिक वर्ष त्या रात्री संपतं. आपल्याकडे ३१ मार्चला जी पळापळ असते तीच, फक्त इथे फायलींबरोबर माणसंही इकडून तिकडे जातात. जून २०२४ चा शेवटचा आठवडा आठवा. ॲस्टन व्हिलाचा ओमारी केलीमन चेल्सीला, चेल्सीचा इयान माटसेन व्हिलाला. एव्हर्टनचा लुईस डॉबिन व्हिलाला, व्हिलाचा टिम इरोग्बुनम एव्हर्टनला. न्यूकॅसलचा एलियट अँडरसन फॉरेस्टला आणि फॉरेस्टचा गोलरक्षक व्लाखोदिमोस न्यूकॅसलला. प्रत्येकानं विकलेल्याचा नफा त्याच वर्षी दाखवला आणि घेतलेल्याची किंमत पुढच्या वर्षांवर वाटून टाकली. मुंडावळ्या बांधून साटंलोटंच, फक्त वऱ्हाडी सगळे सीए.

फॉरेस्टचं प्रकरण या ३० जूनमुळेच घडलं. त्यांची तीन वर्षांची मर्यादा होती ६.१ कोटी पौंड, कारण त्यातली दोन वर्षं ते दुसऱ्या श्रेणीत होते: १.३ अधिक १.३ अधिक ३.५. तोटा निघाला ९.५५ कोटी. ३.४५ कोटींनी जास्त. त्यांच्याकडे ब्रेनन जॉन्सन नावाचं हुकमी पान होतं, अकादमीचं पोर, म्हणजे जवळपास निव्वळ नफा. पण तो विकला गेला १ सप्टेंबर २०२३ ला, टॉटनहॅमला, ४.७५ कोटींना. हिशोबाचं वर्ष दोन महिन्यांपूर्वीच संपलेलं. क्लबचं म्हणणं असं की जूनमध्ये घाईनं पडेल भावात विकण्यापेक्षा थांबून चांगला भाव घेणं हेच शहाणपण नाही का? आर्थिकदृष्ट्या हे म्हणणं चुकीचं नाही. प्रकरण ऐकणाऱ्या स्वतंत्र आयोगानं ते मानलं नाही. तारीख म्हणजे तारीख. तीन गुण मूळ उल्लंघनाचे, तीन गुण रक्कम मोठी म्हणून, आणि लवकर कबुली देऊन सहकार्य केलं म्हणून दोन माफ. चार गुण गेले. माझ्या मते इंग्लंडमधल्या या सगळ्या निकालांत हा सर्वांत स्वच्छ निकाल आहे, कारण त्यात प्रत्येक गुणाचा हिशोब दिला आहे.

एव्हर्टनचं तसं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांचे एकदम १० गुण कापले, १.९५ कोटींच्या उल्लंघनासाठी. लीगनं सुनावणीत एक सूत्र मांडलं होतं: सुरुवातीला सहा गुण आणि पुढच्या प्रत्येक ५० लाख पौंडांमागे एक. आयोगानं ते सूत्र नाकारलं, पण स्वतःचं काही दिलं नाही, आणि तरीही आकडा काढला तो साधारण त्या सूत्राच्या आसपासचाच. फेब्रुवारी २०२४ मध्ये अपिलात दहाचे सहा झाले. एप्रिलमध्ये पुढच्या कालावधीच्या उल्लंघनासाठी आणखी दोन गेले. लिव्हरपूलमधल्या निळ्या जर्सीवाल्या लोकांनी त्या मोसमात गुणतक्ता तीन वेळा वेगवेगळा पाहिला, आणि तीनही वेळा त्यांच्या संघानं त्यासाठी एकही सामना खेळलेला नव्हता. लोक चिडले ते शिक्षा झाली म्हणून कमी आणि दर ठाऊक नव्हता म्हणून जास्त. रिक्षाचं मीटर बंद असलं की जसं होतं तसं.

एक गोष्ट मात्र त्या मोसमात सुधारली होती आणि तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. पूर्वी क्लब मार्चमध्ये कागद द्यायचे, मग तक्रार, मग सुनावणी, तोवर मोसम संपलेला. २०२३ पासून कागद ३१ डिसेंबरपर्यंत मागवले जाऊ लागले आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत तक्रार दाखल करायची असं ठरलं. त्यामुळे शिक्षा त्याच मोसमात लागू झाली. हे किती महत्त्वाचं आहे ते कळायला क्वीन्स पार्क रेंजर्सचं उदाहरण घ्या. २०१३-१४ मध्ये त्यांनी दुसऱ्या श्रेणीत बेसुमार खर्च केला, वर चढले, प्रीमियर लीगमध्ये एक मोसम खेळले, पुन्हा खाली आले, आणि त्या खर्चाचा हिशोब मिटला जुलै २०१८ मध्ये: १.७ कोटींचा दंड, वर सुनावणीचा खर्च आणि मालकांच्या कर्जाचं भांडवलात रूपांतर. ज्या क्लबांना मागे टाकून ते वर गेले होते त्यांना यातून काय मिळालं? काही नाही. वरातीमागून घोडं.

आता किमतीच्या वादाकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या श्रेणीतला एक क्लब, नाव घेत नाही. जूनअखेरच्या व्यवहारांत मला एक करार दिसला: सराव मैदानाच्या नामहक्काचा, तारीख २७ जून. मैदान गावाबाहेर, सामने तिथे होत नाहीत, टीव्हीवर कधी दिसत नाही, फाटकावरची पाटी सोडली तर नाव लावायला जागा नाही. रक्कम मात्र अशी की त्यात दोन चांगले बचावपटू आले असते. घेणारी कंपनी मालकाच्या मेहुण्याची. मी विचारलं, संबंधित पक्षाचा व्यवहार म्हणून दाखवलेला का नाही? उत्तर तयार होतं: लेखा मानकात पती-पत्नी, मुलं, अवलंबून असलेले, अशी उदाहरणं आहेत, मेहुणा लिहिलेला नाही. खरंच नाही. व्याख्या अशी आहे की ज्या नातलगाचा व्यवहारावर प्रभाव पडेल असं मानता येतं तो संबंधित, आणि तो पडतो हे दाखवायचं काम माझं. मी बाजारभावाचा पुरावा मागितला, तर एका पानाचा अहवाल आला. त्यात तुलनेला घेतली होती ती पहिल्या श्रेणीतली स्टेडियम. दोन आठवडे भांडलो, रक्कम अर्ध्याच्या खाली आणली, टीप छापून घेतली. पुढच्या वर्षी त्यांनी हिशोब तपासणीस बदलला. 

एका पाटीच्या किमतीवर दोन आठवडे गेले. आता समोर एखाद्या देशाचं सरकार उभं आहे असं धरा.

पीएसजीचा मालक कतारचा सरकारी गुंतवणूक निधी, आणि त्या वेळचा प्रायोजक कतारचं पर्यटन प्राधिकरण. वर्षाला २० कोटी युरोंपर्यंत जाणारा करार. युएफानं २०१४ मध्ये त्याची किंमत मान्य केली नाही आणि तडजोड झाली: पीएसजी आणि मॅन्चेस्टर सिटी, दोघांना प्रत्येकी ६ कोटी युरोंचा दंड, त्यातले ४ कोटी सशर्त, म्हणजे पुढे नीट वागलात तर माफ. चॅम्पियन्स लीगसाठी २१ खेळाडूंचीच नोंदणी. २०१७ मध्ये पीएसजीनं नेमारला २२.२ कोटींना घेतलं आणि त्याच उन्हाळ्यात एम्बापेलाही. पुन्हा चौकशी लागली. जून २०१८ मध्ये युएफाच्या तपास विभागानं ती बंद केली. निवाडा विभागाच्या प्रमुखांना ते पटलं नाही, त्यांनी फेरतपासणी हाती घेतली आणि सप्टेंबरमध्ये प्रकरण परत तपासाला पाठवलं. पीएसजी लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेला. लवादानं मार्च २०१९ मध्ये निकाल दिला: नियमात फेरतपासणीला दहा दिवस दिले आहेत, ते उलटून गेले होते, सबब प्रकरण संपलं. पर्यटन प्राधिकरणाच्या कराराची खरी किंमत किती, यावर तिथे चर्चाच झाली नाही. कॅलेंडर बघून निकाल लागला.

सिटीचं प्रकरण याच्याही पुढचं. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘डेअर श्पीगल’ या जर्मन साप्ताहिकानं फुटलेले ईमेल छापले. त्यातून असा अर्थ निघत होता की एतिहाद एअरलाइन्सच्या प्रायोजकत्वाचा मोठा भाग प्रत्यक्षात मालकाच्याच कंपनीतून येतो. युएफानं फेब्रुवारी २०२० मध्ये दोन मोसमांची युरोपबंदी आणि ३ कोटी युरोंचा दंड ठोठावला. जुलैमध्ये लवादानं बंदी उठवली. एतिहादच्या बाबतीत आरोप सिद्ध झाला नाही असं बहुमत पडलं, आणि एतिसलात या दूरसंचार कंपनीच्या रकमा पाच वर्षांच्या मुदतीबाहेर गेल्या होत्या. दंड उरला एक कोटीचा, तोही चौकशीला सहकार्य केलं नाही म्हणून.

इथे घोडं कुठे पेंड खातं ते नीट समजून घ्या. युएफा काही आयकर खातं नाही. छापा टाकता येत नाही, बँकेला नोटीस देऊन खातं मागवता येत नाही, साक्षीदाराला शपथेवर बोलावता येत नाही. क्लब जे कागद देईल त्यावर चौकशी. मालकाची कंपनी अबुधाबीत, प्रायोजक अबुधाबीत, पैशाचा प्रवासही तिकडचा. कागद दिला नाही तर फार तर असहकार्याचा दंड. एक कोटी युरो देऊन जर कागद झाकून ठेवता येत असेल, तर माझ्यासारखा कोणीही सल्लागार क्लबला काय सल्ला देईल हे सांगायला नको. (मी दिलेला नाही. पण दिला असता तर फीदेखील जास्त मिळाली असती.)

प्रीमियर लीगनं फेब्रुवारी २०२३ मध्ये सिटीवर शंभराहून अधिक उल्लंघनांचे आरोप ठेवले, २००९ पासूनचे. चौकशीला चार वर्षं लागली होती, सुनावणी सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपली. जॉन्सनची तारीख तपासण्यात आणि हे प्रकरण चालवण्यात जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि ‘फॉरेस्टला तीन महिन्यांत शिक्षा, मग सिटीला का नाही’ या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

शिवाय पोलीस कोण आहे ते पाहा. प्रीमियर लीग ही वीस क्लबांच्या मालकीची कंपनी. नियम बदलायला चौदा मतं लागतात. तुमच्या हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा डोळ्यांसमोर आणा. मेंटेनन्स थकवणाऱ्यांवर दंड लावायचा ठराव आहे, आणि थकवणारेही सभेत बसून हात वर करतात. जून २०२४ मध्ये असंच झालं. चेल्सीनं स्टेडियमलगतची दोन हॉटेलं आपल्याच समूहातल्या कंपनीला ७.६५ कोटी पौंडांना विकून तो नफा हिशोबात धरला होता. ही वाट बंद करायचा प्रस्ताव आला, पण चौदा मतं मिळाली नाहीत. नंतर चेल्सीनं आपला महिला संघही समूहाच्याच कंपनीला विकला, जवळपास २० कोटी पौंडांना. या खिशातलं त्या खिशात, आणि मधल्या मध्ये नफा. युएफा अशा विक्रीचा नफा धरतच नाही. जुलै २०२५ मध्ये तिनं चेल्सीला ३.१ कोटी युरोंचा दंड केला आणि पुढे बिघडलात तर आणखी ६ कोटी, असं बजावलं. एकच ताळेबंद लंडनमध्ये पास, स्वित्झर्लंडमध्ये नापास.

युएफाचंही घर काचेचंच आहे. स्पर्धा तिची, ज्यांच्यावर कारवाई करायची त्याच संघांमुळे तिची टीव्हीची कमाई, आणि पीएसजीचे अध्यक्ष नासेर अल-खेलैफी २०१९ पासून तिच्या कार्यकारी समितीवर. त्यामुळे तडजोडी जास्त, हकालपट्ट्या कमी. नाही असं नाही: एसी मिलान २०१९-२० मध्ये युरोपाबाहेर राहिला, युव्हेंटस २०२३-२४ मध्ये. पण एवढ्या वर्षांत मोठी नावं हाताच्या बोटांवर.

आणि कधी कधी नियमाचं वाक्यच तोकडं पडतं. लेस्टर सिटीचं उदाहरण मी नव्या मुलांना प्रशिक्षणात सांगतो. २०२३ च्या मोसमाअखेर ते खाली घसरले. आर्थिक वर्ष ३० जूनला संपणार होतं, पण लीगमधला त्यांचा समभाग १३ जूनलाच वर चढलेल्या क्लबाकडे गेला. म्हणजे वर्ष संपलं तेव्हा ते प्रीमियर लीगचे सदस्यच नव्हते. तोटा झाला ते दिवस प्रीमियर लीगमधले, पण अपील मंडळानं सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की नियमाचे शब्द जसे आहेत तसे वाचले तर लीगला अधिकार नाही. सतरा दिवसांचं अंतर. मसुदा लिहिणाऱ्याला त्या दिवशी झोप लागली नसेल.

मग कुठे हे नीट चालतं? स्पेनमध्ये, बऱ्यापैकी. तिथे २०१३ पासून ला लीगा मोसमाच्या आधीच प्रत्येक क्लबला संघावर किती खर्च करता येईल याचा आकडा देते. त्यात बसत नसेल तर खेळाडूची नोंदणीच होत नाही. नोंदणी नाही म्हणजे मैदानात पाय नाही. तोटा होऊन गेल्यावर कोर्टकचेरी करण्यापेक्षा दारातच अडवणं. ऑगस्ट २०२१ मध्ये मेसी बार्सेलोना सोडून गेला तो यामुळे. क्लबला तो हवा होता, त्याला क्लब हवा होता, पगार निम्मा करायची तयारी होती, तरी आकड्यात जागा नव्हती. जगातला सर्वांत मोठा खेळाडू एका रकान्यात मावला नाही. अंमलबजावणी म्हणतात ती ही. पण तिलाही भगदाडं पडतातच. पुढच्या वर्षी बार्सेलोनानं टीव्ही हक्कांचा चौथा हिस्सा पंचवीस वर्षांसाठी विकून जागा केली. दानी ओल्मोची नोंदणी ३१ डिसेंबर २०२४ ला संपली, तेव्हा लीगनं नको म्हटलं, आणि जानेवारीत सरकारच्या क्रीडा परिषदेनं तात्पुरता आदेश देऊन त्याला खेळू दिलं. सरकार मध्ये आलं की खतावणी मिटते, हे आपल्याला काही नवीन नाही.

दंडाबद्दल माझं मत कडवट आहे. श्रीमंत मालकाला दंड म्हणजे एक्सप्रेसवेवरचा टोल. लागतो तेवढा भरायचा आणि पुढे जायचं. गुण आणि नोंदणी, या दोनच गोष्टी पैशानं परत विकत घेता येत नाहीत. म्हणून मी नेहमी म्हणत आलो की किती ओलांडलं तर किती गुण हा तक्ता मोसमाआधी छापा, आणि खेळाडू घेण्याच्या आधीच जागा तपासा. क्लबांचे वकील याला विरोध करतात. साहजिक आहे, तक्ता छापला तर त्यांना काम काय उरेल?

नवे नियम आता तोट्याकडून गुणोत्तराकडे चालले आहेत. युएफा म्हणते की पगार, एजंटांचे पैसे आणि खेळाडूंच्या किमतीचा वार्षिक हिस्सा मिळून उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या आत हवा. ९०, ८०, ७० असं टप्प्याटप्प्यानं हे २०२५ पर्यंत आणलं. प्रीमियर लीगनं २०२६-२७ पासून ८५ टक्के ठरवले आहेत. मोजायला सोपं आहे. पण मर्यादा उत्पन्नावर बांधली की उत्पन्न फुगवण्याचा मोह आणखी वाढतो, आणि पाटीची किंमत किती हा वाद पुन्हा दारात उभा राहतो. न्यूकॅसल सौदी निधीच्या हातात गेल्यावर २०२१ मध्ये प्रीमियर लीगनं संबंधित पक्षांच्या करारांसाठी बाजारभावाचा नियम कडक केला तो याच भीतीनं. सिटीनं त्यालाही लवादात आव्हान दिलं आणि त्यातले काही भाग बेकायदा ठरवून घेतले.

या सगळ्या गदारोळात जो नियम खरंच लागू पडला त्याबद्दल कोणी विचारत नाही: उधारी वेळेवर फेडा. दुसऱ्या क्लबांचे हप्ते, खेळाडूंचे पगार, सरकारचा कर. युएफा वर्षातून ठरलेल्या तारखांना तपासते. २०११ मध्ये युरोपातल्या क्लबांची अशी थकबाकी ५.७ कोटी युरो होती, दोन वर्षांत ती ९० लाखांवर आली. कारण इथे किमतीचा वाद नाही. पावती आहे की नाही, एवढाच प्रश्न. स्पेनचा मलागा २०१३ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, आणि थकबाकीपायी युरोपातून एका मोसमासाठी बाहेर काढला गेला. लवादातही निकाल टिकला. थकबाकी म्हणजे काय हे मला पोर्ट्समथमुळे कळलं. २००८ मध्ये एफए कप जिंकलेला क्लब फेब्रुवारी २०१० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, नऊ गुण कापले गेले. देणेकऱ्यांच्या यादीत सेंट जॉन ॲम्ब्युलन्स होती, सामन्याच्या दिवशी प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभे राहणारे स्वयंसेवक. फुटबॉलच्या नियमानुसार खेळाडूंचे आणि इतर क्लबांचे पैसे आधी पूर्ण फेडायचे. पेटीवाल्यांचा नंबर मागे.

पुणेकरांसाठी एक जोड. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १९९५ चा इंग्लंडचा विजेता क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहानं घेतला. २०१२ मध्ये तो खालच्या श्रेणीत गेला. डिसेंबर २०१४ मध्ये तोटा ८० लाख पौंडांच्या मर्यादेबाहेर गेला म्हणून नवे खेळाडू घ्यायला बंदी आली, लीड्स आणि फॉरेस्टबरोबर. त्याच काळच्या नियमात अशी सोय होती की उधळपट्टी करून वर चढलात तर दंड, आणि उधळपट्टी करूनही खालीच राहिलात तर खरेदीबंदी. क्वीन्स पार्क रेंजर्स वर गेला, ब्लॅकबर्न राहिला. एकाच मोसमाचा तोटा, दोन वेगळ्या शिक्षा, आणि ज्याला तोट्याचा फायदा झाला नाही त्याला ती लगेच लागू.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर इंग्लंडच्या कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर प्रत्येक क्लबचे वार्षिक हिशोब फुकट मिळतात. पहिली पानं सोडून द्या, तिथे अध्यक्षांचं मनोगत असतं. तीन टीपा शोधा. खेळाडूंच्या विक्रीचा नफा, आणि तो काढून टाकला तर काय उरतं. मग संबंधित पक्षांचे व्यवहार. आणि अगदी शेवटी, ताळेबंदाच्या तारखेनंतरच्या घडामोडी. त्या शेवटच्या टिपेत जुलै-ऑगस्टमध्ये किती कोटींचे खेळाडू घेतले आणि विकले ते दोन ओळींत लिहिलेलं असतं. फॉरेस्टच्या त्या वर्षीच्या हिशोबांपासून सुरुवात करा.